नवजात अतिदक्षता परिचर्या

नवजात अतिदक्षता परिचर्या : जन्मापासून पहिल्या २८ दिवसांपर्यंतच्या अर्भकास ‘नवजात’ म्हणतात. ह्या काळात अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची, नीट श्वास न घेणारी, जंतुसंक्रामणाने ग्रासलेली किंवा जन्मजात दोष असलेली अर्भके रुग्णालयातील खास कक्षात ठेवून त्यांचे शरीरतापमान, श्वसन, पोषण व रुधिराभिसरण ह्यांवर अहोरात्र लक्ष ठेवून जे उपचार केले जातात, त्यांना नवजात अतिदक्षता परिचर्या ही संज्ञा आहे. बालरोगविज्ञानाच्या ह्या उपशाखेस ‘निओनॅटॉलॉजी’ (नवजातविज्ञान) हे नाव अमेरिकन बालरोगतज्ञ अलेक्झांडर शॅफर ह्यांनी १९६० मध्ये दिले. शाखा मात्र त्याहून जुनी आहे [⟶ बालरोगविज्ञान].

ह्या परिचर्येचा इतिहास सु. दीडशे वर्षांचा आहे. यंत्रसामग्रीची वाढ हा त्यातील सहज दिसणारा भाग होय. त्याचबरोबर आणखी दोन गोष्टी त्यातून स्पष्ट होतात. ऊब, आईचे दूध, स्वच्छ हात व आईचे सान्निध्य ह्या साध्या गोष्टी रुग्णालयांतून काही काळ दुरावल्या आणि नंतर प्रयत्नपूर्वक परत आणाव्या लागल्या. तसेच सद्हेतूने केलेल्या अनेक उपचारांनी अर्भकांना गंभीर इजा झाली व ती पद्धतशीर तुलनात्मक चाचण्यांनंतरच लक्षात आली.

पूर्वपीठिका : अपुऱ्या दिवसांचे मूल क्वचितच जगते, हा अनुभव सर्व समाजांत होता. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगू शकते पण आठव्या महिन्यातील जगत नाही, अशी समजूत प्राचीन ग्रीक वैद्यकात रूढ होती आणि हिपॉक्रेटीझ ह्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथसंग्रहात तीवर स्वतंत्र प्रकरण आहे. महाराष्ट्रात सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलास ‘सातमाशे’ म्हणतात. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा, तर बाराव्या दिवशी बारसे, ह्या प्रथांतून पहिल्या काही दिवसांविषयीची कुटुंबाची चिंता व्यक्त होते. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवणे, बाळाला शेक देणे व त्यास घट्ट गुंडाळून आईच्या कुशीत निजविणे ह्या रीतींमागे ऊब टिकविण्याचा हेतू होता. शेगडीचा धूर मात्र बाळाच्या श्वसनास अपायकारक ठरे.

ऊब एवढी महत्त्वाची का, ह्याचे कारण शरीररचनेत आहे. वजनाच्या मानाने नवजाताच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढापेक्षा पुष्कळ जास्त असते. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाच्या त्वचेखाली चरबी नसते, त्वचा पातळ असल्याने तीतून पाणी सतत बाष्परूपाने निघून जाते आणि थंडीने कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची क्षमताही त्यास नसते. त्यामुळे प्रौढास सुखद वाटणाऱ्या खोलीतही असे अर्भक गार पडते. गार पडल्यावर ते दूध ओढत नाही, रक्तातील साखर घटते, श्वसन मंदावते आणि मृत्यू ओढवतो.

यूरोपातील रुग्णालयांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा मृत्यूंची नोंद ‘जन्मजात दुर्बलता’ ह्या सदरात करून विषय संपविला जाई. उपचाराचे काही विखुरलेले प्रयत्न मात्र झाले होते. फ्रान्समधील बॉर्दो येथे झां द्यन्यूसे ह्यांनी १८५७ मध्ये दुहेरी भिंतीच्या व मध्ये कोमट पाणी भरलेल्या टबाचे वर्णन प्रसिद्ध केले. जर्मनीत लाइपसिक येथे कार्ल क्रेडे ह्यांनीही असेच टब अनेक वर्षे वापरले.

पॅरिसमधील प्रारंभ : अर्भकांच्या मृत्यूकडे राष्ट्रीय प्रश्न म्हणून पाहण्याची दृष्टी फ्रान्समध्ये १८७०-७१ च्या प्रशियाबरोबरील युद्धातील पराभवानंतर बळावली. जननप्रमाण घटत असल्याने देशाचे मनुष्यबळ कमी होईल, ही भीती राज्यकर्त्यांना वाटत होती. ह्या वातावरणात पॅरिसच्या मातेर्निते ह्या गोरगरिबांच्या प्रसूतिगृहातील प्रसूतितज्ञ एत्येन स्तेफान तार्न्ये (१८२८–९७) ह्यांनी शहराच्या प्राणिसंग्रहोद्यानात कोंबडीची अंडी उबविण्याचे यंत्र पाहिले. ते तयार करणाऱ्या ओदील मार्तँ ह्यांच्याकडून त्यांनी अर्भकांसाठी तशीच पेटी बनवून घेतली व १८८० च्या सुमारास ती मातेर्नितेमध्ये बसविली. तिच्या खालच्या कप्प्यात तापविलेल्या पाण्याचा साठा असे. त्यावरून गरम झालेली हवा वरच्या कप्प्यात शिरे व अर्भकांवरून वाहत झाकणाजवळील छिद्रांतून बाहेर पडे. पहिल्या पेटीत एकाच वेळी अनेक अर्भके ठेवीत. पुढे एका अर्भकापुरती लहान पेटी करण्यात आली. तिच्यात गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून परिचारिका त्या दर काही तासांनी बदलीत.

तार्न्ये ह्यांचे सहकारी आल्फ्रेद ओव्हार ह्यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २,००० ग्रॅ. पेक्षा कमी वजनाच्या अर्भकांतील मृत्यूचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले. दुर्बल अर्भक जगविता येते, हे ह्या आकड्यांनी प्रथमच अंकांत दाखविले. चोखण्याची शक्ती नसलेल्या अर्भकास रबरी नळीने थेट जठरात दूध देण्याची पद्धतही तार्न्ये ह्यांनी प्रचारात आणली. उबवणी पेटी व पोषणनलिका ही दोन्ही साधने आजच्या प्रत्येक नवजात कक्षात सुधारित रूपात आहेत. मराठी बोलीत ‘बाळाला काचेच्या पेटीत ठेवले आहे’ असे म्हणतात, ती पेटी ह्याच पेटीची वंशज होय.

तार्न्ये ह्यांचे शिष्य प्येर ब्यूदँ (१८४६–१९०७) ह्यांनी १८९५ मध्ये मातेर्नितेमधील दुर्बल अर्भकांच्या खास विभागाची सूत्रे घेतली. हा विभाग तेथील प्रमुख सुईण मादाम आंरी ह्यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये सुरू झाला होता. ब्यूदँ ह्यांनी तापमान, आहार व संसर्ग हे तीन प्रमुख धोके ठरवून प्रत्येक अर्भकाचे वजन रोज नोंदविण्याची शिस्त घातली. त्यांच्या अनुभवात आणखी एक गोष्ट आली. पेटीतील मुलापासून आठवडेच्या आठवडे दूर राहिलेल्या आईची मुलाविषयीची ओढ कमी होते, तिचे दूध आटते व काही आया मुलास नेण्यासाठी परतच येत नाहीत. म्हणून आईला कक्षात येऊ द्यावे व तिनेच पाजावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची व्याख्याने १९०० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढील अर्धशतकात त्यांची पेटी सर्वत्र गेली. आईविषयीचा त्यांचा आग्रह मात्र मागे पडला.

प्रदर्शनांतील अर्भके : उबवणी पेट्यांचा प्रसार एका चमत्कारिक मार्गाने झाला. नीस येथील आलेक्सांद्र ल्यों ह्यांनी १८८९ मध्ये उष्णता आपोआप नियंत्रित करणाऱ्या धातूच्या पेटीचे एकस्व (पेटंट) मिळविले आणि खर्च भागविण्यासाठी पेटीतील जिवंत अर्भके प्रवेशशुल्क घेऊन लोकांना दाखविण्यास प्रारंभ केला. बर्लिन (१८९६) व लंडन (१८९७) येथील प्रदर्शनांत अशी दालने होती. द लॅन्सेट ह्या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाने १८९८ मध्ये ह्या प्रकारावर टीका करून अर्भकसंगोपनाचे गंभीर कार्य जत्रेतील खेळांच्या पंगतीस बसविण्यास आक्षेप घेतला.

मार्टिन कूनी (१८६९–१९५०) ह्यांनी हीच प्रथा अमेरिकेत नेली. बफालो येथील १९०१ च्या प्रदर्शनानंतर त्यांनी न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड ह्या करमणुकीच्या ठिकाणी १९०३ पासून १९४३ पर्यंत दर उन्हाळ्यात नवजातांचे दालन चालविले. प्रेक्षकांकडून प्रत्येकी २५ सेंट घेत. त्यातून परिचारिका व दूध पाजणाऱ्या दाया ह्यांचे वेतन निघे. पालकांकडून मात्र काहीही घेतले जात नसे. कूनी ह्यांची वैद्यकीय पदवी संशयास्पद होती, असे नंतरच्या संशोधकांना आढळले. आपण सु. ८,००० अर्भकांवर उपचार केले व त्यांपैकी सु. ६,५०० वाचविली, असे ते सांगत. हे आकडे त्यांच्या स्वतःच्या कथनावर आधारलेले आहेत. ज्या मुलांना घेण्यास बहुतेक रुग्णालयांत जागा नव्हती, ती मुले जत्रेच्या दालनात वाढली. न्यूयॉर्कमधील कॉर्नेल रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी कक्ष सुरू झाल्यावर कूनी ह्यांनी आपले दालन १९४३ मध्ये बंद केले.

रुग्णालयीन कक्ष : शिकागो येथे ज्यूल्यस हेस (१८७६–१९५५) ह्यांनी १९२२ मध्ये अमेरिकेतील पहिल्या स्थायी कक्षांपैकी एक सुरू केला आणि त्याच वर्षी ह्या विषयावरील ग्रंथ लिहिला. त्या कक्षाचे यश प्रमुख परिचारिका एव्हेलिन लंडीन ह्यांच्या कडक शिस्तीवर अवलंबून होते. फिनलंडचे बालरोगतज्ञ आर्व्हो यूल्प (१८८७–१९९२) ह्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या शरीरक्रियांचा सखोल अभ्यास केला. २,५०० ग्रॅ. ही त्यांनी सुचविलेली वजनाची सीमारेषा पुढे जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली व कमी जन्मवजनाची ती मर्यादा आजही रूढ आहे.

ह्या कक्षांत संसर्गाची भीती सर्वांत मोठी होती व ती अनाठायी नव्हती. अतिसाराची किंवा पूयजनक जंतूंची एक साथ सबंध कक्ष रिकामा करू शके. म्हणून अर्भकास शक्य तितके कमी हाताळावयाचे व बाहेरच्या कोणासही आत येऊ द्यावयाचे नाही, असा नियम झाला. ह्या ‘बाहेरच्यां’त आईची गणना होऊ लागली. काचेपलीकडून मूल पाहणे एवढेच तिच्या वाट्यास उरले. १९६० मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात लूइस ग्लक ह्यांनी नव्या धर्तीचा नवजात कक्ष उभारला. अर्भकांना वेगळ्या खोल्यांत कोंडण्यापेक्षा प्रत्येक स्पर्शापूर्वी नीट हात धुणे अधिक परिणामकारक असते, हे त्यांनी दाखविले. सर्व अर्भके एकाच मोठ्या कक्षात, परिचारिकांच्या नजरेसमोर ठेवणे त्यामुळे शक्य झाले.

ह्या सुमारास प्रसूतिकक्षातील पहिल्या काही मिनिटांकडेही लक्ष वेधले गेले. अमेरिकन शुद्धिहरणतज्ञ व्हर्जिनिया ॲपगार (१९०९–७४) ह्यांनी हृदयस्पंदन, श्वसन, स्नायूंचा ताण, प्रतिक्षेप व वर्ण ह्या पाच लक्षणांस प्रत्येकी ० ते २ गुण देण्याची पद्धत १९५२ मध्ये मांडली व ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळ जन्मताच कोणीतरी ते नीट पाहिले पाहिजे, हा दंडक तीमुळे प्रस्थापित झाला.

ऑक्सिजन व अंधत्व : १९४० नंतर हवाबंद व पारदर्शक पेट्या प्रचारात आल्या आणि त्यांत ऑक्सिजन भरपूर सोडता येऊ लागला. ऑक्सिजनाने अर्भकाचे अनियमित श्वसन सुधारलेले दिसे. त्यामुळे चांगल्या रुग्णालयांत तो आठवडेच्या आठवडे देत. १९४२ मध्ये बॉस्टनचे नेत्रतज्ञ थीओडोर टेरी ह्यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत भिंगामागे पांढुरका पडदा तयार होऊन येणाऱ्या अंधत्वाचे वर्णन केले. पुढील बारा वर्षांत जगभर सु. १०,००० मुले ह्या विकाराने अंध झाली. हा विकार संपन्न देशांत व सुसज्ज रुग्णालयांतच अधिक आढळे, ही बाब अनेकांना कोड्यात टाकणारी होती. जीवनसत्त्वांचा अभाव, लोह, प्रखर प्रकाश, गाईचे दूध अशी नाना कारणे सुचविली गेली. १९५१ मध्ये मेलबर्न येथील केट कॅम्बेल ह्यांनी अतिरिक्त ऑक्सिजनाकडे बोट दाखविले.

संशयाचे निराकरण करण्यासाठी वॉशिंग्टन येथे आर्नल पॅट्झ ह्यांनी एक लहान चाचणी केली. तीमध्ये कमी ऑक्सिजनाच्या गटातील मुलांचे प्राण जातील ह्या भीतीने रात्रपाळीच्या काही परिचारिका ऑक्सिजनाची तोटी गुपचूप उघडीत, असे सांगितले जाते. अखेरीस १९५३ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांत संयुक्त चाचणी सुरू झाली. तिचे निष्कर्ष १९५४ मध्ये जाहीर झाले व सविस्तर वृत्तांत १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. सातत्याने अधिक ऑक्सिजन मिळालेल्या गटात डोळ्यांची कायमची हानी कितीतरी जास्त होती, हे निर्विवाद ठरले. अधिक ऑक्सिजनामुळे जालपटलातील (डोळ्याच्या मागील प्रकाशसंवेदी पटलातील) अपक्व रक्तवाहिन्या प्रथम आकुंचन पावतात व नंतर त्यांची विकृत वाढ होते.

प्रकरण येथे संपले नाही. ह्या चाचणीत अर्भके जन्मानंतर ४८ तासांनी घेतली होती. सर्वांत धोक्याच्या पहिल्या दोन दिवसांत ऑक्सिजन कमी दिल्यास काय होते, ह्याचे उत्तर तीत नव्हते. तरीही ऑक्सिजनाचे प्रमाण ४० टक्क्यांखाली ठेवण्याचा नियम सर्वत्र सरसकट लागू झाला. अंधत्व घटले, पण पहिल्या दिवसांतील मृत्यू वाढले. एका मुलाची दृष्टी वाचविताना सु. १६ मुले दगावली असावीत, असा अंदाज १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये मांडण्यात आला. रक्तातील ऑक्सिजन त्वचेवरून मोजण्याची साधने आल्यानंतरही प्रश्न पूर्णपणे सुटला नाही. २०१० व त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत रक्तातील ऑक्सिजनाची पातळी थोडी खाली ठेवल्यास डोळे वाचतात पण मृत्यू वाढतात, असेच पुन्हा आढळले.

ऑक्सिजनाच्या अनुभवावरून धडा घेणाऱ्यांत न्यूयॉर्कचे विल्यम सिल्व्हरमन (१९१७–२००४) हे प्रमुख होत. त्यांच्या रुग्णालयात अर्भकांना संसर्ग होऊ नये म्हणून पेनिसिलिनाबरोबर एक सल्फा औषध देत. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याची दुसऱ्या प्रतिजैविकाशी तुलना करता सल्फा औषध घेणाऱ्या गटात मृत्यू व कावीळजन्य मेंदूविकार अधिक असल्याचे दिसले. चाचणी झाली नसती, तर हे मृत्यू अपुऱ्या दिवसांच्या खाती जमा झाले असते. पेटीचे तापमान थोडे वाढविल्याने जगणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढते, हेही त्यांनी ह्याच पद्धतीने सिद्ध केले. ब्यूदँ ह्यांनी साठ वर्षांपूर्वी सांगितलेल्या गोष्टीचा हा पुनःप्रत्यय होता. क्लोरँफिनिकॉल ह्या प्रतिजैविकाच्या मोठ्या मात्रांमुळे नवजात राखाडी पडून दगावतात, हे १९५९ मध्ये अशाच तुलनेतून उघड झाले.

काविळीवरील प्रकाशोपचाराचा शोध निरीक्षणातून लागला. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयातील परिचारिका सिस्टर वॉर्ड अर्भकांना उन्हात नेत असत. १९५६ मध्ये एका अर्भकाच्या अंगाचा चादरीखाली झाकलेला भाग पिवळा व उघडा भाग फिकट असल्याचे त्यांनी डॉक्टरांना दाखविले. पुढे खिडकीत राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यातील पित्तरंजकही कमी झालेले आढळले. ह्यावरून रिचर्ड क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये कृत्रिम प्रकाशाचे उपकरण तयार केले. आज लहान-मोठ्या सर्व नवजात कक्षांत निळ्या प्रकाशाचे दिवे असतात. त्यांमुळे रक्त बदलण्याची वेळ क्वचितच येते [⟶ कावीळ].

श्वसनाचा प्रश्न : अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जन्मानंतर काही तासांत धाप लागून येणारा मृत्यू. १९५९ मध्ये अमेरिकेत मेरी एलेन एव्हरी व जेरे मीड ह्यांनी ह्याचे कारण दाखविले. फुप्फुसातील सूक्ष्म वायुकोश प्रत्येक उच्छ्वासाच्या वेळी पृष्ठताणामुळे मिटू पाहतात. ते उघडे ठेवणारे साबणासारखे द्रव्य (सर्फॅक्टंट) गर्भाच्या फुप्फुसात अखेरच्या आठवड्यांतच पुरेसे तयार होते. त्यापूर्वी जन्मलेल्या बाळास प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतक्याच कष्टाने घ्यावा लागतो. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी ह्यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला, सु. २·१ किग्रॅ. वजनाचा मुलगा पॅट्रिक ह्याच विकाराने जन्मल्यानंतर ३९ तासांनी मरण पावला. त्या वेळी सर्वोत्तम रुग्णालयाकडेही उपाय नव्हता. ह्या मृत्यूने सामान्य जनतेचे व संशोधनास पैसा देणाऱ्या संस्थांचे लक्ष विकाराकडे वेधले.

सॅन फ्रॅन्सिस्को येथे जॉर्ज ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये सोपी युक्ती वर्णिली. बाळ स्वतः श्वास घेत असताना हवेचा किंचित दाब सतत ठेवल्यास वायुकोश मिटत नाहीत. पहिल्या २० अर्भकांपैकी १६ जगली. नाकातील नळीवाटे असा दाब देणारी उपकरणे आज भारतातील जिल्हा रुग्णालयांतही दिसतात. १९८० मध्ये जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा ह्यांनी जनावरांच्या फुप्फुसापासून मिळविलेले सर्फॅक्टंट १० अर्भकांच्या श्वासनलिकेत सोडून यश मिळविले. १९९० च्या सुमारास ही औषधे बाजारात आली.

अकाल प्रसूती होऊ घातलेल्या मातेस स्टेरॉइड दिल्यास गर्भाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ग्रेअम लिगिन्स व रॉस हॉवी ह्यांनी १९७२ मध्ये दाखविले. मूळ कल्पना मेंढ्यांवरील प्रयोगांतून निघाली होती. हा उपचार स्वस्त असूनही सार्वत्रिक होण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. दरम्यान झालेल्या अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र कोणी मांडलेच नव्हते. वैद्यकीय पुराव्यांचे संकलन करणाऱ्या कॉक्रेन ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बोधचिन्हात ह्याच चाचण्यांचा आलेख घेतलेला आहे.

आईचे पुनरागमन : अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे १९६४ च्या सुमारास आयांना कक्षात येऊन बाळाला हात लावू देण्याचा प्रयोग झाला. त्यामुळे संसर्ग वाढत नाही, असे दिसून आल्यावर इतरत्र दारे हळूहळू उघडली. अर्भकाच्या वेदनेकडेही असेच उशिरा लक्ष गेले. नवजातांना वेदना नीट जाणवत नाहीत व भूल त्यांना सोसत नाही, ह्या समजुतीने त्यांच्यावरील शस्त्रक्रिया १९८० नंतरही अत्यल्प भुलीखाली होत. भारतीय वंशाचे वैद्य कन्वलजीत सिंग आनंद व ऑक्सफर्डमधील त्यांचे सहकारी ह्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पुरेशी भूल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत शरीरावरील ताण व गुंतागुंती कमी असल्याचे आढळले आणि ही प्रथा मोडली.

सर्वांत मोठा बदल गरजेतून घडला. कोलंबियातील बोगोटा येथील एका गर्दीच्या प्रसूतिगृहात एका पेटीत दोन-तीन अर्भके ठेवावी लागत व संसर्गाने पुष्कळ दगावत. तेथे १९७८ मध्ये एद्गार रेय सानाब्रिया ह्यांनी आणि लवकरच त्यांच्यासमवेत एक्तोर मार्तीनेस ह्यांनी स्थिरावलेली लहान अर्भके आईच्या उघड्या छातीशी, त्वचेस त्वचा लागेल अशी उभी बांधून ठेवण्यास व केवळ अंगावर पाजण्यास प्रारंभ केला. ही ‘कांगारू’ पद्धत गरिबांची तडजोड म्हणून प्रथम उपेक्षिली गेली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया व टांझानिया ह्या देशांत ३,२११ अर्भकांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्भक स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केल्यास २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५·७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येते, असे आढळले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच ठेवावी लागली. ब्यूदँ ह्यांच्यानंतर सव्वाशे वर्षांनी आईस कक्षात पुन्हा हक्काची जागा मिळाली.

भारत व महाराष्ट्र : भारतात ह्या शाखेची संघटित वाढ १९८० मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम ह्या संघटनेपासून झाली. मुंबईतील शीव (सायन) येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात आर्मिडा फर्नांडिस ह्यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील ही पहिली पेढी मानली जाते. ज्या अर्भकांच्या आया आजारी असतात किंवा ज्यांना पुरेसे दूध नसते, त्यांना इतर मातांनी दिलेले व निर्जंतुक केलेले दूध तीमुळे मिळू लागले. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ मध्ये जिल्हा पातळीवर उभारलेला नवजात कक्ष पुढे देशभरच्या जिल्हा रुग्णालयांतील विशेष नवजात परिचर्या कक्षांसाठी नमुना ठरला.

कक्षापर्यंत पोचूच न शकणाऱ्या अर्भकांचे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातून मिळाले. गडचिरोली जिल्ह्यात अभय बंग व राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ गावांतील महिलांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण दिले. घरी जाऊन बाळाचे वजन करणे, त्यास ऊबदार ठेवणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळास कृत्रिम श्वास देणे, स्तनपानास मदत करणे आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून प्रतिजैविके, प्रसंगी अंतःक्षेपणाने (इंजेक्शनने), देणे ही कामे त्या करीत. अल्पशिक्षित स्त्रीने नवजातास सुई टोचणे त्या काळी बहुतेक वैद्यांना अमान्य होते. तुलनेसाठी ४७ गावे नेहमीच्या व्यवस्थेखाली ठेवली होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आरोग्यदूतांच्या गावांत नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे ६२ वरून सु. २५ वर आला, तर तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात परिचर्येचा कार्यक्रम भारतभर सुरू झाला, त्यामागे ह्या प्रयोगाची प्रेरणा आहे.

एका देशातील उपचार दुसऱ्या देशात तपासल्याविना नेता येत नाही, ह्याचाही अनुभव भारताने घेतला. जन्मतः गुदमरलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस थंड ठेवल्यास मेंदूची हानी कमी होते, असे संपन्न देशांत २००५ च्या सुमारास सिद्ध झाले. भारत, श्रीलंका व बांगला देश येथील सात रुग्णालयांत ४०८ अर्भकांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३१ टक्के अर्भके दगावली.

यंत्रांची वाढती संख्या नवी जबाबदारीही आणते. भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे लागलेल्या आगीत १० अर्भके मृत्यू पावली. विजेची जोडणी, ऑक्सिजनाचा साठा, अग्निशमनव्यवस्था व रात्री जाग्या असणाऱ्या परिचारिकांची पुरेशी संख्या ही अतिदक्षतेची अंगेच होत, हे ह्या घटनेने दाखविले.

समालोचन : संपन्न देशांतील काही कक्षांत आज २२-२३ आठवड्यांच्या गर्भावधीची, ५०० ग्रॅ. च्या आसपास वजनाची अर्भकेही जगतात. त्यांपैकी काहींना दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा बुद्धी ह्यांचे व्यंग राहते. कोणत्या अर्भकावर कोठवर उपचार करावेत, त्याचा निर्णय कोणी घ्यावा आणि खर्चाचा भार कोणी सोसावा, हे प्रश्न वैद्यकाबरोबरच कायदा व नीती ह्यांचेही आहेत. दुसऱ्या बाजूस २०२२ मध्ये जगात सु. २३ लाख नवजातांचा मृत्यू झाला. भारतात २०२० मध्ये हे प्रमाण हजार जन्मांमागे २० होते. अकाल जन्म, गुदमरणे व जंतुसंक्रामण ही ह्या मृत्यूंची प्रमुख कारणे होत व त्यांतील बहुसंख्य मृत्यू महागड्या यंत्रांवाचूनही टाळता येण्याजोगे असतात. अंडी उबविण्याच्या पेटीपासून निघालेली ही परिचर्या आईच्या छातीच्या उबेपर्यंत परत आली आहे. यंत्र कोठे आवश्यक व कोठे अनावश्यक, हे ठरविण्याचे साधन म्हणून प्रामाणिक मोजमाप तिने वाटेत मिळविले.